निमरसाठी धंदा शोधताना

करक, सोमवार

आदरणीय मेहुणे अबू सक्र यांस,

सलाम, आणि घरातल्या लहानथोरांना आमची याद. अल्ला तुमच्या घरात धान्य भरलेलं ठेवो आणि जिन्याच्या पायऱ्या कमी करो. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (तुमची बहीण म्हणते दुखतो तो उजवा. मी वाद घातला नाही, दोघांनाही आराम पडो.) इकडे सर्व क्षेम आहे. जैतुनाला यंदा फुलोरा बरा आला आहे, शेळी व्याली, आणि तुमची बहीण माझ्याशी बोलते आहे, म्हणजे गरजेपुरतं.

पत्रास कारण तुमचा भाचा निमर. कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं आणि पुढे कुठला धंदा शिकणार ते महिनाअखेरीला लिहून द्यायचं आहे. एकदा लिहून दिलं की पोराचा जन्म त्या खुंटीला टांगला जातो. मी बरीच चौकशी करून दोनच नावं शिल्लक ठेवली आहेत, जमीनमोजणी आणि चष्म्यांचं शास्त्र. तुम्ही जग पाहिलेलं आहे. दोन्हींतलं कुठलं चांगलं एवढंच कळवावं. पण सल्ला द्यायचा तर सगळा इतिहास माहीत हवा, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हिवाळाभर निमर संध्याकाळी उशिरा घरी यायचा. कुठे होतास विचारलं की उत्तर ठरलेलं: लायब्ररीत, करिअर शोधत होतो. मी खूश. पण इतके महिने शोधणाऱ्या माणसाला एखादं तरी सापडायला हवं की नको? सुई शोधणाऱ्या बायकोला निदान बटण तरी सापडतं. हा मात्र जेवून झोपे. शेवटी मी ठरवलं, आपणच जाऊन बघावं त्या लायब्ररीत काय आहे. आता करकमध्ये कुठल्याही कचेरीत एकट्याने जाणारा माणूस एकतर परका असतो किंवा अर्धवट, हे तुम्ही जाणताच. म्हणून चुलतभाऊ हाजी मुफ्लेहना सोबत घेतलं. अर्ध्या जिल्ह्याची भांडणं त्यांनी मिटवली आहेत आणि कॉलेजच्या दरवानाचा मामा त्यांच्या ओळखीचा आहे. शेजारचे अबू दीबही आले, कारण बारीक अक्षरं वाचता येतील असा चष्मा आमच्यात त्यांच्याकडेच. विद्येच्या घरी जायचं म्हणून तिघांनीही ठेवणीतले अबाये, ते पायघोळ झगे, चढवले, दाढ्या विंचरल्या. सगळं बिघडलं ते इथेच, असं लोक म्हणतात. स्वच्छ कपडे घालण्यात काय चूक, हे मला अजून पटलेलं नाही.

लायब्ररी सांभाळणारे उस्ताद जिरियस मोठे अदबशीर गृहस्थ. करिअरची चौकशी करायची आहे म्हटल्यावर त्यांनी एक जाडजूड कोश समोर ठेवला. जगातले सगळे धंदे अकारविल्हे, प्रत्येकापुढे त्याला लागणारे गुण. अबू दीब मोठ्याने वाचत होते आणि मी सैन्यातल्या पद्धतीने पारख करत होतो: माणूस बसून काम करतो की उभ्याने, आणि बाहेरचा कुणी येऊन त्याच्यावर ओरडू शकतो का? पाणबुड्यावर कुणी ओरडू शकत नाही हे खरं, पण करकला समुद्र नाही. दाताच्या डॉक्टरला उभं राहावं लागतं आणि ओरडतो रोगी. असं गाळत गाळत मोजणीदार आणि चष्मेवाला हे दोघे उरले. मग जिरियसनी संगणकावर एक प्रश्नावली काढून दिली, की ही भरा, यंत्रच धंदा सुचवतं. पोराच्या वतीने उत्तरं मी दिली. पहाटे उठता का? हो. गर्दीत काम करता का? हो. नाक तीक्ष्ण आहे का? यंत्राने विचार केला आणि सांगितलं, आचारी. मी जिरियसना म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. ते कॉफी सांगायला गेले.

आता पुढचं नीट ऐका. कॉफी आली, वेलदोड्याचा वास घमघमणारी, तीन इवल्या पेल्यांत. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी: पुस्तकांजवळ खाणेपिणे मना आहे. मी उभी हयात पाट्यांचं ऐकलेला माणूस. मी पेला तसाच समोर ठेवला. माझं बघून हाजींनी ठेवला, हाजींचं बघून अबू दीबनी. आणि आपल्याकडे तीन पांढऱ्या दाढ्या ठेवणीतल्या अबायांत कुणाच्या दारी बसून कॉफीला हात लावत नाहीत, तेव्हा ते काही मागायला आलेले असतात आणि होकार मिळेपर्यंत थेंबही घेणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जिरियसना कळलं. कळलं नाही ते फक्त मला. ते गंभीर झाले, छातीवर हात ठेवून म्हणाले, “अबू निमर, कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं.” मला वाटलं, ‘येथेच वाचावा’ असा शिक्का असलेला तो कोश घरी न्यायला देतायत. काय थोर माणूस! तोवर हाजी मुफ्लेह उठून उभे राहिले आणि ‘आम्ही एका खानदानी घराच्या दारी आलो’ हे आपलं नेहमीचं भाषण सुरू केलं. (हाजींना उभं राहायला कारण लागत नाही, नुसती न प्यायलेली कॉफी पुरते.) भाषण संपल्यावर जिरियस म्हणाले, “पोरगं आहे, चुकलं. तुमच्यासारखे लोक आले म्हटल्यावर मी आजपासून त्याची बंदी उठवली. पण बटाटे, अबू निमर? इतिहासाच्या कपाटाला अजून वास येतो.”

तेव्हा उलगडा झाला. तुमच्या भाच्याने थंडीच्या सुरुवातीलाच लायब्ररीच्या रॉकेलच्या शेगडीवर बटाटे भाजले होते. वर सुमाकची आंबट पूड आणि लोणी. वाचणारे सगळे पुस्तकं मिटून रांगेत उभे राहिले, कारकूनसुद्धा. मग कागद पेटला, एक पडदा गेला, आणि निमरला लायब्ररी बंद झाली. म्हणजे हिवाळाभर करिअर शोधणारा हा मुलगा लायब्ररीच्या उंबऱ्याआत नव्हताच. मग संध्याकाळभर असतो कुठे, मी विचारलं. जिरियस चकित झाले. म्हणाले, “तुम्हाला ठाऊक नाही? तो अबू फलाह आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाच्या कढईवर असतो. माझ्या पुतणीच्या लग्नात मन्सफचं मटण-भात त्याच्याच हातचं. रस्सा असा की वरपक्ष भांडण काढायचं विसरला.” मी कॉफी प्यायलो. एवढी कडू कॉफी मी आजवर प्यायलो नव्हतो.

पुढच्या गुरुवारी मी गुपचूप बघायला गेलो. मंडपामागे पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या आडोशाला थांबलो. निमर कढईवर होता. जमीदचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, रस्सा उकळी फुटेपर्यंत एकाच दिशेने ढवळावा लागतो, हात थांबला की फुटलाच. कुणी त्याला हाका मारत होतं, कुणाचा तरी फोन आला होता. त्याने मान वर केली नाही. हे मी त्याला कधी शिकवलेलं नाही. लहानपणी तो सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर छावणीत यायचा आणि तांदळाच्या पोत्यावर बसून राहायचा, तेवढंच. टँकरमागे माझंही मनगट त्याच दिशेने फिरायला लागलं. ते मला आवडलं नाही. मेहुणे, मी उभी हयात सैन्याच्या भटारखान्यात काढली. परेडला माझा गणवेश सगळ्यांत कडक इस्त्रीचा असे, तरी कालचे पोरसवदा अधिकारी मला ‘ए भटारखाना’ अशी हाक मारत. तेव्हाच मी ठरवलं होतं, रश्शाचा डाव माझ्या हातात आला तो आला, माझ्या पोराच्या हातात येऊ देणार नाही. त्याला लोकांनी नावाने हाक मारावी, आणि पुढे ‘साहेब’ लावावं.

घरी आल्यावर बोललो. माझी लायब्ररीची वारी त्याला आधीच कळलेली होती. (अबू दीबच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.) त्याने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

“बाबा, तुम्ही सगळा कोश बघितलात म्हणे. मग आचाऱ्याचं पान का उलटलंत?”

“ते मला पाठ आहे.”

“मलाही.”

मी उठलो आणि हाजी मुफ्लेहना घरी बोलावून आणलं. त्यांच्यासमोर तलाकची शपथ घेतली, की हा ज्या लग्नात शिजवेल तिथे माझं पाऊल पडलं तर याच्या आईशी माझं नातं तुटलं. तुमची बहीण हात पुसत बाहेर आली. मला वाटलं रडेल. तिने एवढंच विचारलं, “पुढचं लग्न कुठे आहे?” कारण तिला जायचं होतं.

असा सगळा प्रकार. आता कोश माझ्या उशाशी आहे (जिरियसनी शेवटी दिला) आणि मी डोकं शांत ठेवून त्या दोन नावांवर विचार करतो आहे. मोजणीदाराला उन्हात हिंडावं लागतं, चष्मेवाल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. काय ते कळवा. वहिनींना सलाम, गुडघ्यांना जपा.

तुमचा,
अबू निमर

ता. क. या शुक्रवारी तुमच्या मादबात, तुमच्याच गल्लीत, गव्हाच्या व्यापाऱ्याकडे लग्न आहे. तुम्हाला बोलावणं असणारच. अबू फलाहची पाठ धरली आहे, त्यामुळे कढईवर निमर पहिल्यांदाच एकटा आहे. गुडघे कसेही असोत, जा. नुसतं जेवून येऊ नका, नीट बघा. रस्सा फुटलेला नाही ना? भाताचं शीत शीत सुटं आहे ना? मांस दोन बोटांनी हाडावरून निघतं ना? खरं खरं लिहा, भाचा आहे म्हणून भीड धरू नका. बिघडलं असेल तर मी त्याच दिवशी जमीनमोजणी लिहून टाकतो. जमलं असेल तर मात्र घाई करत नाही.

ता. क. २. शपथ पावलाची होती. हाजी मुफ्लेहना विचारलं, दाढी कुरवाळत ते म्हणाले, पाऊल ते पाऊल, तोंड ते तोंड. तेव्हा लग्नातून निघताना एक डबा भरून घ्या आणि करकला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. कुणासाठी ते निमरला सांगू नका. शेजारी आजारी आहे म्हणा.

भाऊ, यांनी हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी. डबा मोठा ने. आजारी शेजाऱ्याचं काही सांगत बसू नकोस, निमर तुझी वाट बघत असेल. यांच्यासाठी तो वेगळं पातेलं चढवणार आहे. परवाच मला विचारत होता, डॉक्टरांनी बाबांना मीठ कितपत सांगितलंय.