तंद्री लागलेली दुपार

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागाव खुशाल. तेवढंच कुणीतरी आपल्यावर ओरडलं असं वाटेल.

कामावर जातो. कृत्रिम पाय बनवणाराच पांगळा झालाय, असं मुकादम परवा म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण खरं आहे. पूर्वी साचा हातात घेतला की जेवणाची सुट्टी कधी झाली कळायचं नाही. आता कानस दोनदा फिरवली की हात थांबतो आणि कान फोनकडे लागतात. ही गेली त्या दुपारी तू कारखान्यात तीनदा फोन केलास आणि मला ऐकूच आला नाही. ज्या तंद्रीचं मला एवढं कौतुक, तिनेच घात केला.

त्या दिवशी हातात होता तो लहान मुलीचा पाय अर्धाच पडून आहे. आठ वर्षांची पोर. जुना पाय आखूड झाल्यामुळे एका अंगावर कलून चालते. तिची आई दोनदा येऊन गेली. दुसऱ्याला द्या, असं मी मुकादमांना सांगून टाकलं. नोकरीच सोडावी म्हणतो. चार दिवस तुझ्याकडे येऊ का?

लोभ कमी करू नकोस, सध्या त्यावरच चाललंय.

तुझा,
धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार काय, चाळीस दिवस ये. पण आधी हे वाच, आणि बसून वाच.

मी फोन केलाच नव्हता.

तिला धाप लागली तेव्हा मी तिच्या उशाशीच होते, फोन करायला उठलेही होते. तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, आज कित्येक दिवसांनी ते गुणगुणत गेलेत, काम चांगलं लागलं असेल, उठवू नका. संध्याकाळी येतीलच की. तिला वाटलं संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मलाही वाटलं. तासाभरात सगळं आटोपलं.

मग शेजाऱ्यांनी बोलावून आणल्यावर तू धावत आलास आणि मला आधी का नाही कळवलंस म्हणून विचारलंस, तेव्हा माझ्या तोंडून खोटं निघून गेलं. इतके महिने ते तुझ्या पाठीवर लादून मी इथे सुखाने जेवतेय. मोठी बहीण म्हणवते स्वतःला. दोष तुझ्या कानांचा नाही रे.

क्षमा माग म्हणायचा हक्क तुझा. उत्तर नाही दिलंस तरी वाट पाहीन.

तुझी,
ताई


६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिलं असतं ते पोस्टात टाकण्याजोगं नव्हतं. तुझा राग आला, तिचाही आला. तिचा शेवटचा निरोप घ्यायचा माझा हक्क तुम्ही दोघींनी परस्पर वाटून घेतलात.

त्याच तिरमिरीत कारखान्यात गेलो. काहीतरी खरवडायचं होतं, म्हणून मुकादमांनी अजून कुणालाच न दिलेला त्या पोरीचा पाय पुढे ओढला. खोबणीत आतून टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा राहिला होता. तेवढ्यानेही कातडी सोलवटते. तो घासायला लागलो. मग घोट्याचा सांधा थोडा आत घेतला, मग टाच. मान वर केली तेव्हा सगळे हत्यारं आवरत होते. चार तास, ताई! हात एकदाही थांबला नव्हता. आणि चार तास ही आठवली नव्हती, म्हणून हत्यारं तशीच टाकून बाहेर पडलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

काल पाय बसवला. पोर आधी भिंत धरून चालली, मग भिंत सोडून, आणि मग खाली न बघता. तिच्या आईने माझा हात धरला तो सोडेचना.

मी घरी जवळजवळ पळतच आलो. पायरीवरूनच हिला हाक मारली, की अगं, चालली पोर! आतून काही आलं नाही. तिथेच चपला घातलेल्या पायांनी बसलो आणि ही गेल्यापासून पहिल्यांदा हमसून रडलो. बऱ्याच वेळाने आत गेलो, तिच्या पलंगाशी बसलो आणि पहिल्या मापापासून शेवटच्या पावलापर्यंत सगळं मोठ्याने सांगितलं.

सोमवारपासून एका सुताराचा पाय घेतोय, म्हणून मला येता येणार नाही. तूच ये. राग अजून आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझा,
धाकटा