रविवारचं व्हायोलिन

३ मार्च, सोमवार

आई म्हणाली, "ते व्हायोलिन देऊन टाक कुणाला तरी. ताईकडे एवढी जागा नाही." ताईचं घर आमच्या दुप्पट आहे. येत्या रविवारी आई कायमची तिच्याकडे राहायला जाणार. आता वाद कशाला?

बाबांचं व्हायोलिन. बाबा गेल्याला वर्ष होईल. त्यांनी ते वाजवलेलं आम्ही कधीच ऐकलं नाही. दर रविवारी पेटी उघडायची, मऊ फडक्याने पुसायचं, तारा सुरात लावायच्या, की पेटी बंद. खोलीभर गजाला लावायच्या राळेचा मंद वास — माझ्या लेखी रविवारचा वास तो. तेवढा वेळ आई आत भांडी आपटायची. ताईने आणि मी लहानपणीच निकाल दिला होता : लग्नाआधी बाबांची कुणीतरी होती, आणि हे तिचं.

त्या 'कुणीतरी'वर मी कित्येक वर्षं कादंबरी लिहितो आहे. नायिका उंच, फिकट, क्षयरोगी. बायको म्हणते, "बातम्या लिहिणाऱ्याने एवढं खोटं लिहू नये. निदान तिचा खोकला तरी कमी कर."

४ मार्च

खोकला कमी केला. प्रकरण पडलं. विरहातल्या शृंगाराला थोडी ढास लागतेच.

५ मार्च, बुधवार

द्यायचं तर धड करून द्यावं म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. शाळेत आम्ही एकाच बाकावर. त्यामुळे तो मला मान देत नाही. आत दिवा धरून बघितलं नि म्हणाला, "डावखुऱ्याचं आहे हे." तारा उलट्या क्रमाने आहेत हे मलाही माहीत होतं. बाबांची चूक समजायचो. पण आतली आधाराची काठीसुद्धा दुसऱ्या बाजूला! "मुद्दाम करून घेतलंय," तो म्हणाला. "तुझे बाबा तर उजव्या हाताचे. त्यांना काय उपयोग याचा?"

म्हणजे आमची नायिका डावखुरी. आतापर्यंत तिने चहा उजव्या हाताने ढवळलाय. सगळीकडे दुरुस्ती आली. घरी येईस्तोवर तिला मनातल्या मनात वामहस्ता करत होतो.

आई पाव कापत होती. सुरी डाव्या हातात.

जन्मभर बघत आलो. आज दिसलं. अशा माणसाला संस्कृतात बरेच शब्द आहेत. मराठीत गाढव म्हणतात.

६ मार्च

ताईला फोन केला. डाव्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, "आपण तिच्यासमोर हसायचो रे. 'बाबांची ती' म्हणायचो." आणि शेवटी, "तू विचार. वार्ताहर ना तू?"

मंत्र्यांना विचारणं सोपं असतं.

७ मार्च, शुक्रवार

विचारलं. आई कपाट आवरत होती. हात थांबले नाहीत.

"माझंच आहे. आणखी कुणाचं असणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? आणि तुमची गोष्ट चांगली रंगली होती."

मग घड्या घालता घालता, तुकड्यातुकड्याने. लग्नाआधी ती वाद्यवृंदात होती. तिथे सगळ्यांचे गज एका दिशेने जायला हवेत. हिचा उलटा जायचा, आणि शेजारच्याच्या कोपरावर बसायचा. शेजारच्याने तक्रार केली. संचालक म्हणाले, उजव्या हाताने शीक, नाहीतर खुर्ची सोड.

"सोडली. उजव्या हाताने मला धड भांडताही येत नाही."

"घरी वाजवायचंस."

"वृंदात वाजवलेल्या माणसाला एकट्याने वाजवताना आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्या दिसतात."

आणि आता देऊन का टाकायचं? तर म्हणे, "लावणारा गेला."

८ मार्च

कादंबरी बंद केली. बायको म्हणाली, "सुटली बिचारी."

व्हायोलिन आणून आईच्या सामानात ठेवलं. तिने काढलं. मी ठेवलं. तिने काढलं. आमच्या घरातले गंभीर वाद असेच होतात, तोंड न उघडता. शेवटी पेटी उंबऱ्याशी राहिली. उद्या कुठे जाणार ते तिलाच माहीत. हिंमत धरून पुन्हा उचलून ठेवावी, तर ती पुन्हा काढणार. पेटी उचलते, पण आतल्या वाद्याला इतकी वर्षं तिने हात लावला नाही.

९ मार्च, रविवार

ताई गाडी घेऊन आली. निघता निघता सहज विचारलं, वृंदातल्या त्या शेजारच्या खुर्चीत होता तरी कोण.

"तुझे बाबा," आई म्हणाली. "मागणी घालायला आले तेव्हा कोपर सुजलेलंच होतं. माफी शब्दाने कधी मागितली नाही त्यांनी. मीही शब्दाने कधी दिली नाही."

ताई पेटी डिकीत ठेवायला निघाली. आईने तिच्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवून पुढच्या सीटवर बसली.

"तू गाडी चालव," म्हणाली.