मोठ्या आकड्याला अधिक

४ जुलै, संध्याकाळ
लेकीला बीजगणितात पंचवीसपैकी चार. सोळाला फेरपरीक्षा. तीतही नापास झाली तर गणित सोडावं लागेल, आणि हिला इंजिनिअर व्हायचंय. गणिताच्या सरांचाच संशय येतो. चारच का? शून्य दिलं असतं तर निदान प्रामाणिक वाटलं असतं. ठरलं. आजपासून मी शिकवणार, रोज एक तास. बाजारातले तराजू आणि वजनं तपासण्यात बावीस वर्षं गेली. मला कोण फसवणार?

५ जुलै
कालचा तास आजपासून. धडा: अवयव पाडणे. x² + ७x + १२. गुणाकार बारा, बेरीज सात, म्हणजे चार आणि तीन. (x + ४)(x + ३). दोन मिनिटांत खलास. लेक म्हणाली, हे तिला आधीपासून येतं. मग चार मार्क का? कुठेतरी पाणी मुरतंय.

७ जुलै
वजाची गणितं. स्वतःचा नियम काढला: एक अधिक, एक वजा असेल तर मोठ्या आकड्याला अधिक द्यायचं. मोठ्याचा मान. x² + x − १२ चे (x + ४)(x − ३). जुळलं! लगेच x² − x − १२ घेतलं. पुन्हा तेच उत्तर. पुस्तकात मागे (x − ४)(x + ३) छापलंय. छपाईची चूक. पेनने दुरुस्त केली. लेकीने विचारलं, दोन वेगळ्या गणितांचं उत्तर एकच कसं? उलट प्रश्न विचारायची सवय आईकडून आलीय.

८ जुलै
पुस्तकात अशा अकरा चुका सापडल्या. सगळ्या वजाच्याच. हा योगायोग नव्हे. प्रकाशकाला कडक पत्र लिहायचं. उद्या.

११ जुलै, सकाळी ७.१०
पत्र राहिलं. पेन सापडेना. शोधताना बायकोच्या चष्म्याच्या घरात चिठ्ठी मिळाली. अक्षर तिचंच. गुणाकार वजा बारा, बेरीज वजा एक, कोण ते दोघं? कोण ते दोघं! चिठ्ठी उजेडात नेऊन पुन्हा वाचली. मग कळलं, गणित आहे. पण दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हे कशाला हवं? विचारलं तर म्हणाली, सहज.
सहज काही होत नसतं.

१३ जुलै
रोज संध्याकाळी साडेसहाला दोघी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जातात. तासभर. आमच्याकडे एवढे कपडेच नाहीत. आज पाय न वाजवता मागून गेलो. पाण्याच्या टाकीवर शिवणाच्या खडूने गणितंच गणितं. बायको सांगत होती, आधी कंस गुणून बघ, मूळचं गणित परत आलं तरच पुढे जा. मला पाहून लेकीने खडू पाठीमागे लपवला. मी म्हटलं, चालू द्या, माझ्या शिकवण्याचा सराव चांगला चाललाय. बायको म्हणाली, अहो, बाजारात प्रत्येक वजन तुमच्याकडच्या प्रमाण वजनासमोर ठेवून बघता ना, तसे तुमचेही कंस एकदा गुणून बघा.
बघेन. सध्या ऑफिसात फार काम आहे.

१६ जुलै
फेरपरीक्षा. सकाळी लेकीला माझा नियम पुन्हा सांगितला. तीनदा. तिने कानांवर हात ठेवले. डोकं दुखत असेल.

१९ जुलै
एकवीस! मेहनतीचं चीज झालं. अर्धी रजा टाकून लेकीसोबत शाळेत गेलो, सरांनी काय म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हणावं म्हणून. सर म्हणाले, छान केलंय, वजाचं एक तेवढं घाईत चुकलं. मोठ्याला अधिक द्यायची ही खोड हिला लावली कुणी? मी पटकन म्हटलं, घरी आई शिकवते. बोलून गेलो आणि जीभ चावली. पण सरांसमोर शब्द मागे कसा घेणार? लेकीने फक्त माझ्याकडे पाहिलं. घरी येताना दहा पावलं पुढे चालत होती. वाईट वाटलं. आइस्क्रीम विचारलं, नको म्हणाली.

२० जुलै
उत्तरपत्रिकेवर पालकांची सही लागते. पहिलीपासून मीच करतो. जेवण झाल्यावर पेन काढून बसलो. लेक उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोरून गेली आणि आईची सही घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, तुम्ही कामात होतात.
मी तिची वाट बघत नखं कापत होतो.