दुखो न दुखो, रोज एक गोळी

३ जून, सकाळ.
लेकीच्या डोकेदुखीचा विषय आजपासून माझ्या हातात. वय तेरा, मायग्रेन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप, जेवण, पाणी वेळेवर ठेवा, आणि दुखो न दुखो, रोज रात्री एक गोळी द्या. झटके कमी होतील, पण फरक दिसायला दोनेक महिने लागतील. चारपैकी तीन गोष्टी मला पटल्या. बहुमत. गोळ्या कपाटात.

४ जून.
ही म्हणाली, लिफ्टचं सर्व्हिसिंग करायला ती बंद पडायची वाट बघता का? लिफ्टच्या धंद्यात माझा जन्म गेला. तुलना चुकीची आहे. लिफ्टला साइड इफेक्ट नसतात.

११ जून.
झटका. दुपारभर अंधाऱ्या खोलीत, उलट्या. आम्ही दोघं चवड्यांवर चालतो. फ्रिजची घरघरही तिला सोसेना म्हणून बंद केला. दूध नासलं. कारण सापडलं: मोबाइल. जप्त.

१९ जून.
पुन्हा. मोबाइल नसताना. म्हणजे चॉकलेट. खाल्लंच नाही म्हणते. तरी.
दाराबाहेर बसून होतो. आतून काही आवाज नाही. रडली असती तर बरं, असं वाटलं. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१ जुलै.
त्यानंतर एकही झटका नाही! रोज जेवताना विचारतो. ती म्हणते, नाही बाबा. मी टाळी देतो. हिला म्हटलं, बघ.

१५ जुलै.
अजून नाहीच. ऑफिसात एकाने भाचीसाठी माझा सल्ला घेतला. लेक जरा फिकट दिसते. वाढीचं वय.

२४ जुलै, संध्याकाळ.
वर्गशिक्षिकेचा फोन. लेक हल्ली सारखी खेळाच्या सामानाच्या खोलीत, गाद्यांवर, डोळ्यांवर स्वेटर घेऊन पडलेली असते. घरी माहीत असेलच, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, हो, माहीत आहे.
लेकीला विचारलं, सांगितलं का नाहीस?
"तुम्ही इतके खूश होता, बाबा."

२५ जुलै.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. गोळी सगळ्यांनाच लागू पडते असं नाही म्हणाल्या, पण सुरू करू. आईने दिली, तिने मुकाट्याने घेतली.
झोपताना कपाळावर हात ठेवायला गेलो. तिने आधी माझ्याकडे बघून हसून घेतलं. मग डोळे मिटले.