गाण्याखालचं नाव

आबा, परवा सांगलीत माझ्या शोच्या आधी तुमच्या फोटोला हार घातला आणि मला लय राग आला. शो माझा, बँड माझा, साउंडचेकसाठी दुपारपासून उन्हात उभी मी, आणि स्टेजवर आधी कोण, तर तुम्ही. आयोजकांनी आईकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला होता, कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. फेटा तुमचा, मिशा तुमच्या, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. निवेदक माईकवर ओरडत होता, "जतच्या माळावरची धनगरी ओवी बापानं लेकीच्या गळ्यात उतरवली, आणि आज तीच लेक रॉक बँडची लीड सिंगर आहे!" टाळ्या. मग शाल आणि नारळ. शाल फोटोला घालता येईना, सारखी घसरत होती, म्हणून तिथंच खुसपुस झाली आणि शेवटी ती माझ्या हातात दिली, वडिलांच्या वतीनं म्हणून. मी गळ्यात गिटारचा पट्टा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शाल अशी उभी. खालून पोरं ओरडायला लागली, "भाषण बास, गाणं चालू करा!" मला त्या पोरांच्या पाया पडावंसं वाटलं.

गळ्यात उतरवली म्हणे. खरं सांगा आबा, काय उतरवलंत तुम्ही माझ्या गळ्यात?

लिहायचं कारण वेगळंच आहे. आमची पहिलीवहिली गाणी या आठवड्यात नेटवर जाणार आहेत, जिथं गाणी ऐकतात त्या सगळ्या ठिकाणी. त्यातल्या शेवटच्या गाण्याचे शब्द माझे आहेत, पण चाल तीच, तुम्ही जत्रेत गायचात ती. वर गिटार, ड्रम्स, सगळा दणका, पण खाली तीच. कुणाचे शब्द, कुणाची चाल हे सगळं आमचा ड्रमर भरतो. तो साताऱ्याचा, शहरातला, त्याच्या घरी बापलेक एकमेकांना मिठी मारतात. त्यानं विचारलं, "चालीला बाबांचं नाव टाकूया ना? लय भारी वाटेल." मी म्हणलं, घरी विचारून सांगते. तेव्हापासून डोक्यात तेच. तुमचं नाव माझ्या गाण्याखाली येऊ द्यायचं का नाही.

मी लहान आहे. मेंढरं ओढ्यापल्याड गेलीयत आणि तुम्ही बाभळीच्या सावलीत बसून मला म्हणताय, "हाळी दे गं." मी पोटातून हाळी देते आणि पलीकडं मेंढरं चरायची थांबून मान वर करतात. मग आख्खा कळप वळतो. तुमचा आवाज तिथवर जायचा नाही, कुत्र्याला पाठवावं लागायचं. येणारे-जाणारे हसायचे, "पोरगी हाय का भोंगा?" तुम्ही हसायचा नाहीत. चांगलं पण म्हणायचा नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी परत, "हाळी दे गं." मला वाटायचं, आपल्याला काहीतरी येतंय. शाळेतलं पाढे-बिढे सोडा, हे येतंय. माझा आवाज मेंढरांना चालायचा, आबा. देवाला कसा चालला नाही?

ओवीला बसणार फक्त गडीमाणसं. पुढं तुम्ही, एक हात कानावर, आणि मागं झील ओढायला चारपाच जण. तुम्ही ओळ सोडलीत की तिचं शेपूट ते उचलायचे आणि तेवढ्यात तुम्ही श्वास घ्यायचात. बायका आणि पोरी लांब, ढोलाच्या पलीकडं. बिरोबाच्या जत्रेतली ती दुपार मला अजून दिसते. सगळीकडं भंडारा उधळलेला, माणसांच्या भुवया पण पिवळ्या. तुम्ही वरच्या सुराला गेलात आणि ओळ मधेच पातळ झाली. दुसऱ्या कुणाला कळलं असेल नसेल, मी तर रोज तुमच्या शेजारी उभी राहून हाळी देणारी, मला तुमच्या गळ्यातलं सगळं कळायचं. मागच्यांनी उचलायला उशीर केला. मी काही ठरवलं वगैरे नव्हतं. आवाज आपोआप गेला, बायकांच्या घोळक्यातून सरळ वर, आणि ओळ पुरी झाली. एक क्षण इतकं भारी होतं! ढोलवाल्यानं माझ्याकडं बघून टिपरू दणकन मारलं.

आणि तुम्ही कानावरचा हात काढलात. चालू ओवी थांबवायची नसते हे आपल्यात शेंबड्या पोराला पण माहीत. पाऊस येऊ दे, साप निघू दे, मांडलेली ओवी पुरीच करायची. तुम्ही थांबलात. राग आला की तुम्ही कानडीत जायचात. माझ्याकडं बघून म्हणालात, "साकु!" म्हणजे पुरे. मग सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं, "पोरीनं ओवी मोडली. परत मांडा." आणि पहिल्यापासून सुंबरान मांडलं, म्हणजे देवाची आठवण काढण्यापासून सगळं नव्यानं. बायका माझ्याकडं अशा बघत होत्या, जसं काही मी नैवेद्याला लाथ मारली. त्या साली मेंढरांवर रोग पडला तेव्हा पण लोक म्हणाले, मोडलेल्या ओवीचा कोप. आपल्या दारात उभं राहून म्हणाले. तुम्ही ऐकत होता. एकाला तरी गप बसवलंत? जूनमध्ये मला सांगलीच्या इंग्लिश मीडियमला हॉस्टेलवर टाकलंत. एसटीत बसवताना बोललात ते एवढंच, "गाणं-बिणं न्हाई आता. शिकायचं."

हॉस्टेलमधल्या पोरी माझ्यामागं बॅऽ बॅऽ करायच्या. गाण्याच्या मॅडम म्हणायच्या, आवाज जरा आत ठेव, इथं शेत नाहीये. मी आत ठेवला. मग एकदा वरच्या वर्गातल्या एका ताईनं तिच्या इअरफोनचा एक तुकडा माझ्या कानात घातला. एक बाई गिटारच्या गोंगाटावर किंचाळत होती. शब्द कळत नव्हते, माझं इंग्लिश तेव्हा यस मॅडमपर्यंतच होतं. मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? वाटलं, हिची मेंढरं लय लांब गेलीयत. मी सारखं तेच लाव, तेच लाव म्हणून ताईचं डोकं खाल्लं. कुणीतरी एवढं मोठ्यानं हाळी देतंय आणि तिला कुणी साकु म्हणत नाहीये, उलट लोक तिकिटं काढून ऐकायला येतात! त्या दिवशी मी ठरवलं काय करायचं ते. मुलाखतीत विचारतात ना, तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे? मी हेच सांगते, हॉस्टेल, ती ताई, ती बाई, मेंढरं. छापून काय येतं, तर "वडिलांचा वारसा". मी दहावीत असताना तुम्ही गेलात, मी काय गाते ते तुम्ही एकदा पण ऐकलं नाहीत, आणि वारसा.

आणखी एक, हे तर मी बँडला पण कधी सांगितलं नाही. आम्ही शिरवळला प्रॅक्टिस करतो, गिटारिस्टच्या कंपनीमागच्या एका रिकाम्या गाळ्यात. हायवेच्या ट्रकांमुळं तिथं कितीपण आवाज करा, कुणाला फरक पडत नाही. तरी मी वरच्या सुराजवळ गेले की थांबते. गिटारिस्ट वैतागतो. "तू कायम दारापर्यंत जातेस आणि बेल न वाजवता परत येतेस. आत जा ना!" मी म्हणते घसा बसलाय. मग सगळी गाणी माझ्यासाठी खाली उतरवायची. लीड सिंगर म्हणवते आणि वर जायची वेळ आली की माझी मान खाली जाते, कारण मला वाटतं आता काहीतरी मोडेल. मेंढरं मरतील. हसू नका, खरंच वाटतं. इंग्लिश मीडियमनं पण ते गेलं नाही.

तर परवा शो संपल्यावर स्टेजच्या मागं काका आले, तुमच्या मागं झील ओढणारे. एका डोळ्यानं दिसत नाही आता, तरी जतवरनं एसटीनं आलेले. कपाळाला भंडारा लावला माझ्या आणि म्हणाले, "लय वरडतीस गं. कान बसलं माजं."

"मग कशाला थांबलात शेवटपर्यंत?"

"आबाचा फोटू हुता की. त्याला एकट्याला सोडून कसा जाऊ?" मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पर एक सांग, वर का जाईनास? त्या जत्रंत तर एका दमात गेलीस. बापाची लाज राकलीस."

मला कळेचना. म्हणलं, "काका, मी ओवी मोडली होती."

"तू कुठली मोडतीस! गळा त्येचा मोडला हुता. लय दिस झालं हुतं, वरच्या सुराला जाईतच नव्हता गडी. आमी मागनं लवकर उचलायचो, कुणाला कळू द्यायचो न्हाई. त्या दिशी माज्या तोंडात पान हुतं, उशीर झाला. तेवढ्यात तू उचललंस." आणि हसायला लागले. "लय ब्येस उचललंस बग. म्हणून तर चिडला!"

"मग हे तेव्हाच का नाही बोललात?"

"पुढच्याच्या गळ्याचं मागच्यानं चारचौघांत काडायचं नसतंय, बाय. रीत हाय ती."

"आणि पोरीवर ढकललेलं चालतंय रीतीला?"

काका भंडाऱ्याची पुडी परत परत बांधत राहिले. "ल्हान हुतीस," म्हणाले. "आमाला वाटलं इसरशील."

इसरशील! एका म्हाताऱ्याच्या तोंडात पान होतं म्हणून माझा गळा इतकी वर्षं बांधलेला, आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, इसरेल पोरगी. मी काकांना चहा पाजला, एसटीत बसवलं, आणि येताना रस्त्यात एकटीच तुमच्याशी भांडत आले. गळा जातो, आबा. प्रत्येक गाणाऱ्याचा कधी ना कधी जातो, माझा पण जाईल. त्यात लाजायचं काय होतं? तुम्ही मला नुसतं डोळ्यानं खुणावलं असतंत ना, "हाळी दे गं" म्हणायचात तसं, तर मी तुमच्यामागं उभी राहून दरवर्षी तो सूर उचलला असता, कुणाला कळू पण दिलं नसतं. पण पोरीनं उचललेलं तुम्हाला चालणार नव्हतं. पान खाणाऱ्यानं उचललेलं चालत होतं. मेंढरं मेली तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. दारात उभ्या असलेल्या लोकांना एवढंच सांगायचं होतं, की पोरीला काय बोलू नका. बास, एवढंच.

काल शिरवळला गेले आणि म्हणलं, शेवटचं गाणं परत रेकॉर्ड करायचं, मूळ पट्टीत. आधी आवाज फाटला. मग परत फाटला. गिटारिस्ट नुसता सूर देत राहिला. मग लागला सूर, आबा. सरळ वर गेला आणि तिथं राहिला, मला पाहिजे तेवढा वेळ. ट्रक जात होते, काहीही मोडलं नाही. गिटारिस्टनं हेडफोन काढून विचारलं, "इतकी वर्षं घसा बसला होता काय तुझा?" मी म्हणलं, हो.

आता नावाचं. मागच्या गड्यांनी तुमचा गळा झाकला. आई अजून झाकते, तिच्या लेखी तुमच्यासारखा गाणारा पंचक्रोशीत झाला नाही. मी लहानपणी काही माहीत नसताना झाकला, आणि त्याची शिक्षा पण मीच घेतली. आता गाण्याखाली तुमचं नाव टाकलं की तो निवेदक आणखी जोरात सांगणार, बापानं उतरवली, आणि मी परत नारळ घेऊन उभी. म्हणजे परत तेच, पुढं तुम्ही आणि मागनं उचलणारी मी. मला ते करायचं नाही. चाल तुमच्या आधीची आहे, तुम्ही पण ती कुणाची तरी ऐकूनच उचलली असणार. तुमचं नाव येणार नाही.

ड्रमरला मेसेज टाकला, चाल पारंपरिक लिही, नाव नको. त्याचं लगेच आलं, "ओके. घरी विचारलंस ना?" मी हो लिहिलं. आईला विचारलंच नव्हतं. विचारायचं तुम्हाला होतं, म्हणून हे सगळं लिहिलं. पण खरं सांगायचं तर मेसेज मी हे लिहायला बसायच्या आधीच पाठवून टाकला होता.