माझ्या तेलकट डोक्याविषयी

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण हल्ली माझं शिर जिथे टेकतं तिथे डाग पडतो, तेव्हा नुसताच नमस्कार. वहिनीची पाठ कशी आहे? (तिला जड उचलू देऊ नकोस. तूही कधीतरी काहीतरी उचल.)

बाबांचं विसरणं वाढलंय, हे फोनवर सांगितलंच होतं. नवीन एवढंच, की सकाळी मी त्यांना शाळेत जाणारी वाटते. तेलाची वाटी घेऊन हाक मारतात, मी पुढ्यात बसते, ते डोक्यावर तेल जिरवतात. मी चपला घालेपर्यंत विसरतात आणि पुन्हा हाक मारतात. नको म्हटलं तर चेहरा इतका पडतो, की मी निमूटपणे पुन्हा बसते.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम आधी मीच घालून दाखवते. आता ती नाकावरून घसरते. परवा माझ्या हातून चष्मा घेऊन एक बाई म्हणाल्या, "नंबर चुकलाय, सगळं धुरकट दिसतंय." नंबर बरोबर होता. मालकांनी मला मागच्या खोलीत बसवलंय ("थोडे दिवस," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता). तेल शोषलं जावं म्हणून केसांना पावडर लावून पाहिली, तर शेजारच्या शिंपीणबाई "एवढ्यात पिकले गं?" म्हणून हळहळल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फार छान समजावलं: टाळूच्या कातडीतल्या ग्रंथी स्वतःच तेल तयार करतात, ते वाईट नसतं, ज्यांना ते जास्त सुटतं त्यांनी शाम्पू मुळांशी हलक्या बोटांनी लावावा, नखांनी खरवडू नये. मग विचारलं, "वरून तेल लावता का?" मी धडधडीत नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी ते बंद करायला लावलं असतं. सगळं खापर बिचाऱ्या ग्रंथींवर फुटलं आणि मला शाम्पू लिहून मिळाला.

दादा, नोकरी जाईल याची मला फार भीती वाटते. पण बोटं केसांत फिरतात तेवढा वेळच बाबा मला ओळखतात. उरलेला दिवस मी "अहो बाई" असते.

तुझी धाकटी

ता. क. एकटं माझं डोकं पुरत नाही. महिनाभर तुझंही घेऊन ये.

आणखी ता. क. टकलाची सबब सांगू नकोस. काल बाबा उंबऱ्याशी बसून म्हणत होते, "थोरल्याला आधी बोलव, त्याचे केस दाट आहेत, वेळ लागतो."