बांधावरच्या म्हसोबाची साल

आबा, आज सकाळी आंघोळ करून मी चहासुद्धा न घेता वावरात गेलो. बांधावरच्या म्हसोबाला हात लावला, तर शेंदरासकट दगडाचा एक पोपडा हातात आला. तुम्ही असताना हा देव घागरीएवढा होता. आता नारळाएवढा उरलाय.

पहिला पोपडा पडला तो दिवस मला अजून दिसतो. आई घाबरून म्हणाली होती, “देव भंगला. कपिलधारला नेऊन पाण्यात सोडा.” तुम्ही खाली बसलात, पोपडा बोटांनी चुरलात आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या बुडाला टाकलात. “भंगला न्हाई, सोललाय. कांदा सोलला तर कांदा ऱ्हात न्हाई व्हय?” आई हसली आणि नारळ आणायला गेली.

विहीर खणतानाही तुम्ही मला काठावर बसवून दाखवत होतात: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मधेच गेरूसारखा एक लाल पट्टा लागला. तुम्ही म्हणालात, “ही भाजल्याली माती हाय.” ते खरंच निघालं. माझी लेक भूगोल शिकते. ती सांगते, आपला सगळा दगड एकेकाळी पेटता रस होऊन वाहत आला, थरावर थर निवत गेला. दोन थरांच्या मधे जी माती तयार झाली, ती वरच्या रसानं भाजून निघाली. वरचा दगड ऊनपाण्यानं सुटतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या दगडातच कापूस पेरतोय.

धाकट्याला मात्र हा झिजता देव बघवत नव्हता. नवी मूर्ती घडवायला त्यानं संगमरवराची जाड फरशी आणून ठेवली. “दादा, पावणेरावळे हसत्यात. देव हाय का ढेकूळ?” दोन वर्षं मी नुसता हो-हो करत राहिलो. त्याचं मन मोडवेना, तुमचा देवही हलवेना. परवा लेक फरशीवरून हात फिरवत म्हणाली, “काका, हा दगड आधी समुद्राच्या तळाचा चुना होता. दबला, तापला, मग असा झाला.”

धाकटा म्हणाला, “म्हंजे ह्योबी भाजल्यालाच की!”

तेव्हा मला सुचलं. आज आम्ही दोघांनी बांधावर मुरूम चोपून फरशी बसवली, न कोरता, आणि तिच्यावर तुमचा म्हसोबा ठेवला. धाकट्यानं तेल-शेंदूर लावून नारळ फोडला. पांढऱ्यावर तेल ओघळलं तेव्हा तो म्हणाला, “आता कसा राजावानी बसलाय बघा!”

हे पत्र कुठं टाकणार? देव्हाऱ्यातल्या कापराच्या डबीखाली ठेवीन. पडलेली साल तुमच्यासारखीच चुरून पऱ्हाटीला घातली, आबा. सगळी नाही. एक तुकडा खिशात आहे.